‘इंटरॅक्शन’ : परिभाषा, परस्परता आणि ‘शी’

परिभाषेचा प्रश्न मराठीत प्रायः प्रतिशब्दाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. इंग्रजी शब्द समोर ठेवावयाचा, संस्कृत शब्दांना उपसर्ग-प्रत्यय जोडून त्याची जोड सिद्ध करावयाची आणि ती कोशात नोंदवून निश्चिंत व्हावयाचे, ही पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी शंका घेणे हे भाषाभिमानाच्या अभावाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः काही शब्द असे असतात की त्यांच्या प्रतिशब्दाचा शोध घेताना त्या पद्धतीचीच परीक्षा होते. ‘इंटरॅक्शन’ हा त्यांपैकी एक होय.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरी हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. या गावातून परभणीच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘आंतरक्रिया’ भेटते, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘परस्परक्रिया’ किंवा ‘अन्योन्यक्रिया’ भेटते, शासकीय कार्यक्रमाच्या फलकावर ‘संवाद’ दिसतो आणि कार्यशाळेत व्याख्यात्याच्या तोंडून ‘आता थोडे इंटरॅक्शन होऊ द्या’ असे वाक्य ऐकू येते. या सर्व शब्दांमागे एकच इंग्रजी शब्द उभा आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. आणि त्या शब्दाने निर्दिष्ट होणारा व्यवहार त्याच्या घरी, शेतात आणि भावकीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून त्याला तेथे स्वतःची नावे आहेत, हे तर मुळीच सांगितले जात नाही. परिणामी तो व्याख्या पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. प्रश्न एका शब्दाचा असला, तरी त्यामागे ज्ञान आणि जीवन यांच्यातील तुटलेपणाचा प्रश्न आहे. ‘इंटरॅक्शन’साठी मराठीने आजवर नामांचा शोध घेतला, परस्परतेची मराठीची खरी शक्ती मात्र तिच्या क्रियापदांत आणि प्रत्ययांत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. इंग्रजी शब्दाचा प्रवास

‘इंटरॅक्शन’ हा शब्द इंग्रजीतही फार जुना नाही. अठराव्या शतकात ‘इंटरॅक्ट’ हे नाम नाटकाच्या दोन अंकांमधील मध्यंतरासाठी वापरले जाई. परस्परांवर क्रिया करणे हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. संकल्पना मात्र त्याहून जुनी आहे. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या गतिविषयक तिसऱ्या नियमात दोन पदार्थांच्या एकमेकांवरील क्रिया समान व विरुद्ध असतात, हा विचार आहे. कांटने १७८१ च्या आपल्या ग्रंथात संबंधाच्या पदार्थांमध्ये कर्ता आणि क्रियेचे फल भोगणारा यांच्यातील परस्पर कार्याला स्वतंत्र स्थान दिले आणि त्यासाठी ‘वेक्सेलविर्कुंग’ हा जर्मन शब्द योजिला. पुढे गेओर्ग झिमेल याने तोच शब्द समाजविचाराच्या केंद्रस्थानी आणला. समाज ही व्यक्तींच्या बाहेर उभी असलेली वस्तू नसून व्यक्तींच्या परस्पर व्यवहारातून सतत घडणारी प्रक्रिया आहे, ही त्याची भूमिका होती. ॲल्बियन स्मॉल याने झिमेलचे लेखन अमेरिकन वाचकांपुढे इंग्रजीत ठेवले. शिकागो येथील अभ्यासकांच्या हाती ‘इंटरॅक्शन’ ही समाजशास्त्राची पायाभूत संज्ञा बनली. पार्क आणि बर्जेस यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात स्पर्धा, संघर्ष, समायोजन आणि सात्मीकरण अशी तिची चार रूपे सांगितली. हर्बर्ट ब्लूमर याने १९३७ मध्ये ‘सिंबॉलिक इंटरॅक्शनिझम’ ही संज्ञा घडविली.

या प्रवासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, ‘इंटरॅक्शन’मध्ये गोडवा अनिवार्य नाही; बांधावरचे भांडण हेही इंटरॅक्शनच असते. दुसरी ही की, या संज्ञेत दोन्ही पक्ष कर्ते असतात. एक करतो आणि दुसरा केवळ भोगतो, अशा प्रसंगाला ती संज्ञा लागू पडत नाही. ही दुसरी अट मराठी प्रतिशब्दांची चर्चा करताना वारंवार आठवावी लागेल.

२. प्रचलित प्रतिशब्द आणि त्यांच्या अडचणी

‘आंतरक्रिया’ हा सर्वाधिक प्रचलित शब्द प्रथम पाहू. ‘आंतरराष्ट्रीय’, ‘आंतरजातीय’, ‘आंतरशालेय’ यांच्या धर्तीवर तो घडला आहे. संस्कृतात ‘आंतर’ म्हणजे आतील. मराठीने इंग्रजी ‘इंटर’साठी तो स्वीकारला, यात दोष नाही, भाषा उसन्या शब्दाला नवा अर्थ देऊ शकते. परंतु झरीच्या शिवारात हा उपसर्ग आधीच पोहोचलेला आहे, याकडे लक्ष दिले गेले नाही. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या विस्तारकार्यातून ‘आंतरपीक’ आणि ‘आंतरमशागत’ हे शब्द शेतकऱ्यांच्या बोलण्यात स्थिरावले आहेत. सोयाबीनमध्ये तूर घेतली की ते आंतरपीक. दोन ओळींमधून कोळपे फिरविले, खुरपणी केली की ती आंतरमशागत. येथे ‘आंतर’ म्हणजे ‘दोहोंच्या मधल्या जागेत’. या ओळखीच्या अर्थाने ‘आंतरक्रिया’ वाचली, तर दोघांच्या मधल्या जागेत घडणारी, दोघांपैकी कोणाचीच नसलेली क्रिया, असे काहीतरी हाती लागते. त्यात ग्रामीण बोलीत ‘क्रिया’ हा शब्द प्रामुख्याने क्रियाकर्माशी, मृत्यूनंतरच्या विधींशी निगडित आहे. शब्द शास्त्रीयदृष्ट्या शुद्ध असूनही कानाला परका का वाटतो, याचे एक कारण येथे सापडते.

त्याच कृषी विद्यापीठात ‘इंटरॅक्शन’चा एक अतिशय काटेकोर अर्थ दररोज वापरात असतो. रोनाल्ड फिशरने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतीप्रयोगांच्या आखणीसाठी जी सांख्यिकी पद्धती विकसित केली, तिच्यात दोन घटकांच्या एकत्रित परिणामाला हे नाव आहे. वाण आणि खताची मात्रा असे दोन घटक घेतले आणि एका वाणावर खताचा जो परिणाम झाला तो दुसऱ्यावर झाला नाही, तर त्या दोन घटकांमध्ये इंटरॅक्शन आहे असे म्हणतात. एकाचे फळ दुसऱ्याच्या सोबतीवर अवलंबून असणे, हा तो अर्थ होय. कसणाऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ‘या रानाला हे बियाणे मानवत नाही’ हे त्याचे वाक्य तेच सांगते. ‘मानवणे’ या क्रियापदात रान आणि बियाणे हे दोन्ही पक्ष हजर आहेत.

दुसरा शब्द ‘परस्परक्रिया’. मराठी विश्वकोशातील भौतिकीविषयक लेखनात तो रूढ आहे आणि गुरुत्वीय, विद्युत्‌चुंबकीय, प्रबल व दुर्बल या चार मूलभूत परस्परक्रियांच्या संदर्भात तो निर्वेधपणे चालतो. अडचण आहे ती ‘परस्पर’ या शब्दाच्या मराठीतील इतिहासात. ‘परस्पर संमतीने’ या कायद्याच्या भाषेतील प्रयोगात त्याचा मूळ अर्थ टिकून आहे. परंतु ‘भावाने जमीन परस्पर विकली’, ‘तलाठ्याने परस्पर फेर घेतला’, ‘निर्णय परस्पर झाला’ या वाक्यांत ‘परस्पर’ म्हणजे संबंधिताला न विचारता, त्याच्या पाठीमागे. अर्थाचा हा प्रवास तर्काला धरूनच आहे. दोघांनी आपसांत मिटविलेले प्रकरण त्या दोघांच्या दृष्टीने परस्परांतले असते. बाहेर राहिलेल्या तिसऱ्याच्या दृष्टीने मात्र ते त्याला वगळून झालेले असते. मराठीने या वगळलेल्या तिसऱ्याची बाजू घेऊन शब्दाचा अर्थ बदलला. ज्या समाजात बहुसंख्यांच्या वाट्याला निर्णयाबाहेर राहणेच आले, त्या समाजाच्या भाषेने परस्परतेच्या शब्दाला असे वळण द्यावे, हे पुरेसे बोलके आहे. भौतिकशास्त्रात कणांची तक्रार नसते. माणसांच्या संदर्भात ‘परस्परक्रिया’ म्हटले की हा दुसरा अर्थ डोके वर काढतो.

तिसरा शब्द ‘अन्योन्यक्रिया’. तात्त्विकदृष्ट्या तो सर्वांत नेमका आहे. संस्कृत अलंकारशास्त्रात मम्मटादिकांनी ‘अन्योन्य’ नावाचा अलंकार मानला असून दोन वस्तूंनी एकाच क्रियेच्या द्वारा एकमेकींना कारण होणे, हे त्याचे लक्षण सांगितले आहे. रात्र चंद्राला शोभविते आणि चंद्र रात्रीला, हा त्याचा साधा नमुना म्हणता येईल. न्यायशास्त्रात मात्र ‘अन्योन्याश्रय’ हा दोष ठरतो, कारण एकाची सिद्धी दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर टेकली की तर्क पुढे सरकत नाही. काव्यात जो गुण तो तर्कात दोष, ही बाब मननीय आहे. परंतु हा शब्द विद्वानांच्या लेखणीबाहेर कधी पडला नाही आणि पडण्याची चिन्हेही नाहीत.

राहता राहिला ‘संवाद’. तो सुबोध आहे. पण त्याच्या पोटात सहमतीचा अंश आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांमधील सादृश्यासाठी ‘संवाद’ हा शब्द वापरला आहे, आणि ‘हृदयसंवाद’ या रसचर्चेतील संज्ञेतही जुळणे हाच भाव मुख्य आहे. संघर्षाला ‘संवाद’ म्हणता येत नाही. शिवाय शासकीय व्यवहारात या शब्दाचा अलीकडे जो उपयोग होतो, त्यात व्यासपीठावरून एकाने बोलावे आणि समोरच्यांनी ऐकावे, एवढाच कार्यक्रम पुष्कळदा असतो.

३. दरबारी भाषेचा वारसा

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. पाश्चात्त्य ज्ञान उर्दूत आणण्यासाठी तेथे स्वतंत्र भाषांतर विभाग काम करीत होता. म्हणजे परिभाषेचा प्रयोग मराठवाड्यातील शिक्षितांनी महाराष्ट्र राज्याच्या भाषा संचालनालयाच्या स्थापनेपूर्वी, १९६० पूर्वीच, एकदा अनुभविला होता. फरक एवढाच की तेव्हा शब्द अरबीतून येत आणि नंतर ते संस्कृतातून येऊ लागले.

अरबी भाषेत परस्परतेचा भाव धातूच्या रूपांतच बांधलेला असतो. ‘अमल’ म्हणजे कृती. त्याच धातूपासून परस्पर कृती दर्शविणारे ‘तआमुल’ हे रूप होते आणि उर्दू पाठ्यपुस्तकांत रासायनिक अभिक्रियेसाठी ते रूढ आहे. त्याच धातूचे आणखी एक रूप ‘मुआमला’, म्हणजे एकमेकांशी केलेला व्यवहार. हाच शब्द मराठीत ‘मामला’ झाला आणि त्यावरून ‘मामलेदार’ आला. ‘मुलाखत’ म्हणजे मुळात एकमेकांची भेट. ‘मुकाबला’ म्हणजे समोरासमोर येणे. ‘मुशायरा’ म्हणजे कवींनी एकमेकांपुढे काव्य सादर करणे. मराठीने हे सारे शब्द आत्मसात केले, पण त्यांतील परस्परतेचा धागा वाटेत गळाला. ‘मामला’ हा प्रकरण झाला. ‘मामलेदार’ हा ज्याच्यापुढे हात जोडून उभे राहावयाचे असा अधिकारी झाला. ‘मुलाखती’त एकाने विचारावयाचे व दुसऱ्याने उत्तरे द्यावयाची, असा संकेत ठरला. शब्दांच्या या परिणतीतून एक निष्कर्ष काढता येतो. परस्परतेचा शब्द दरबारातून खाली आला की गावाच्या वेशीपर्यंत पोहोचेतो तो एकतर्फी होतो. अरबीचे जे झाले तेच संस्कृतचे होत आहे आणि इंग्रजी ‘इंटरॅक्शन’चेही होत आहे.

४. वारंगुळा, बलुते आणि अभिसरण

दरबारी शब्दांच्या खाली बोलीचा स्वतःचा शब्दसंग्रह शिल्लक होता. मराठवाड्यात ‘वारंगुळा’ म्हणतात, अन्यत्र ‘सावड’ म्हणतात. आज याच्या शेतात सर्वांनी राबावयाचे, उद्या त्याच्या. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब पक्का. घेतलेली सावड फेडावी लागते. ‘इर्जिक’ थोडी वेगळी; तेथे बैल-आऊत घेऊन आलेल्यांना शेतधनी जेवण घालतो. ‘हातउसने’, ‘आहेर’ आणि ‘परतीचा आहेर’, ‘येणेजाणे’, ‘ऊठबस’, ‘घरोबा’ हे शब्दही याच कुळातले. मार्सेल मॉस याने १९२५ च्या सुमारास दानविषयक निबंधात देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने सांगून मानवशास्त्रात नवे पर्व सुरू केले. त्याचा आशय ‘आहेर लिहून ठेवणे’ या मराठी रीतीत जसाच्या तसा उमटलेला आहे.

ट्रॅक्टर आणि रोख मजुरी यांच्या आगमनानंतर वारंगुळ्याचे क्षेत्र आकसले आणि शब्दही मागे पडत गेला. पण त्याची एक अट लक्षणीय आहे. वारंगुळा हा साधारण सारख्या स्थितीतील कुटुंबांतच होऊ शकतो. मोठा जमीनदार आणि त्याचा सालगडी यांच्यात तो होत नाही. कारण मालक गड्याच्या शेतात राबावयास जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजेच दोन्ही पक्ष कर्ते असण्याची जी अट समाजशास्त्रज्ञांनी ‘इंटरॅक्शन’मध्ये गर्भित मानली, ती वारंगुळ्यात उघड आहे.

येथे ग्रामजीवनाच्या गौरवीकरणापासून सावध राहणे अगत्याचे ठरते. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ज्या बलुतेपद्धतीचे तपशीलवार चित्रण आले आहे, तिच्यातही देवाणघेवाण होतीच. काम दिले जाई, धान्य घेतले जाई. तरीही त्या देवाणघेवाणीत दोन्ही पक्षांना अटी ठरविण्याची सारखी मुभा नव्हती आणि ज्यांच्या वाट्याला अस्पृश्यता आली होती त्यांना तर समोर येऊन उभे राहण्याचीही मुभा नव्हती. ‘देवाणघेवाण’ हा शब्द ‘इंटरॅक्शन’ला पर्याय म्हणून सुचविणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. वस्तूंची देवघेव आणि माणसांचा परस्परसंबंध या एक गोष्टी नव्हेत.

हा भेद सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कोलंबिया विद्यापीठात (१९१३ ते १९१६) ते जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. ड्यूई यांनी ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) मध्ये समाजगटांतील मुक्त संपर्कासाठी ‘एंडॉस्मॉसिस’ ही जीवशास्त्रातील संज्ञा योजिली होती. आंबेडकरांनी ती १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढील निवेदनात आणि पुढे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये वापरली. पडदा शाबूत ठेवून त्याच्या दोन बाजूंना होणारे वस्तूंचे हस्तांतर त्यांना पुरेसे वाटत नव्हते. अनुभवाने त्या पडद्यातून आरपार झिरपले पाहिजे, हे त्यांना अभिप्रेत होते. मराठी वैचारिक लेखनात या आशयासाठी ‘सामाजिक अभिसरण’ हा शब्द रुळला. ‘रक्ताभिसरणा’मुळे परिचित असलेला हा शब्द अर्थपूर्ण आहे. मराठवाड्यात त्याचे महत्त्व केवळ ग्रंथगत नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, त्यानंतर या प्रदेशातील खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. एकाच गावात शतकानुशतके व्यवहार करीत आलेल्या माणसांमध्ये अभिसरण झाले नव्हते, हे त्या सोळा वर्षांनी दाखवून दिले.

५. ‘शी’ची कसोटी

आता भाषेच्या घडणीकडे वळू. इंग्रजी ही शास्त्रीय लेखनात नामांवर भर देणारी भाषा आहे. घडणाऱ्या गोष्टीला ती नाम देते आणि मग त्या नामाविषयी बोलते. मराठीची प्रकृती याहून वेगळी आहे. परस्परतेसाठी तिने नाम घडविले नाही, तर प्रत्यय राखून ठेवला. तो म्हणजे ‘शी’. व्याकरणकारांनी त्याची गणना तृतीयेच्या प्रत्ययांत केली आहे. बोलणे, भांडणे, लढणे, खेळणे, वागणे, जुळणे ही क्रियापदे आणि मैत्री, वैर, सोयरीक, स्पर्धा, करार, लग्न ही नामे ‘शी’ची अपेक्षा करतात. मैत्री आणि वैर दोन्ही ‘शी’नेच होतात, म्हणजे ‘संवाद’ या शब्दाला जे साधले नाही, ते या एकाक्षरी प्रत्ययाला साधले आहे.

‘शी’चे सामर्थ्य ‘ला’शी तुलना केली असता प्रकट होते. ‘तो तिच्याशी बोलला’ यात दोघांचे बोलणे आहे. ‘तो तिला बोलला’ म्हटले की अर्थ पालटतो. आता तो रागावला आहे आणि ती ऐकून घेत आहे. क्रियापद तेच, माणसे तीच. एका प्रत्ययाने दुसऱ्या पक्षाचे कर्तेपण दिले किंवा काढून घेतले. ‘इंटरॅक्शन’ म्हणजे काय, हे झरीच्या विद्यार्थ्याला सांगण्यासाठी याहून सुबोध उदाहरण कोणते असेल? ते त्याच्या जिभेवर आधीपासूनच आहे.

असेच दुसरे साधन म्हणजे ‘लागणे’ हे सहायक क्रियापद. ‘ती दळू लागली’ म्हणजे तिने दळावयास आरंभ केला; पण ‘ती सासूला दळू लागली’ म्हणजे तिने सासूच्या दळण्यात आपला हात मिळविला. ‘करू लागणे’, ‘उचलू लागणे’, ‘कापू लागणे’ हे प्रयोग या अर्थाने बोलीत सर्रास आढळतात. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई दळीत असता विठ्ठल तिला दळू लागतो, ही वारकरी परंपरेतील श्रद्धा याच क्रियापदात बोलली जाते. जात्याच्या एकाच खुंट्याला दोन हात लागणे, हे परस्परतेचे चित्र मराठी मनाने ईश्वर आणि दासी यांच्यातील अंतर मिटविण्यासाठी योजिले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

‘शी’ सर्वत्र समानता सिद्ध करतो, असा दावा करता येणार नाही. ‘मालक गड्याशी बोलला’ या वाक्यात ‘शी’ आहे, समानता नाही. म्हणून प्रत्ययाच्या जोडीला एक कसोटी हवी : वाक्यातील दोन पक्षांची अदलाबदल करून पाहावी. ‘मंत्री गावकऱ्यांशी बोलले’ हे वाक्य उलटविले, ‘गावकरी मंत्र्यांशी बोलले’ असे केले, आणि त्या प्रसंगाबाबत तेही तितकेच खरे ठरले, तर तेथे इंटरॅक्शन झाले. न ठरले, तर जे झाले त्याला भाषण म्हणावे. शिक्षणशास्त्रात हीच गोष्ट आकड्यांनी मोजण्याचा प्रयत्न झाला आहे. नेड फ्लँडर्स याच्या वर्गातील आंतरक्रियेच्या विश्लेषणात दहा प्रवर्ग आहेत. त्यांतील सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्याच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा वा गोंधळाचा. वर्गात चाललेल्या बोलण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश शिक्षकाचे असते, असे त्याला आढळले. बी. एड.च्या अभ्यासक्रमात ही पद्धती ‘आंतरक्रिया विश्लेषण’ या नावाने शिकविली जाते आणि अनेकदा ती शिकविणारा तास संपेपर्यंत एकटाच बोलत असतो.

६. वाङ्मयविचारातील उपयोग

मराठी समीक्षेतही ‘आंतरक्रिया’ हा शब्द संहिता आणि वाचक यांच्या संबंधासाठी येऊ लागला त्यास बराच काळ लोटला. वोल्फगांग इझर याच्या विवेचनात संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो आणि या व्यवहारातून वाङ्मयकृती आकारास येते. परंतु येथे एक सूक्ष्म भेद दुर्लक्षिला जातो. ड्यूई आणि बेंटली यांनी १९४९ मध्ये ‘इंटरॅक्शन’ आणि ‘ट्रान्सॅक्शन’ यांत फरक केला. पहिल्यात दोन पूर्णसिद्ध वस्तू एकमेकींवर आदळतात; दुसऱ्यात त्या व्यवहारातूनच दोहोंना आपापले रूप लाभते. लुईझ रोझेनब्लॅट हिने १९७८ च्या आपल्या ग्रंथात वाचनासाठी दुसरी संज्ञा स्वीकारली. कारण कविता ही वाचण्यापूर्वी पूर्ण नसते आणि वाचकही वाचून झाल्यावर तोच राहत नाही. मराठीत दोन्ही संज्ञांसाठी ‘आंतरक्रिया’ किंवा ‘देवघेव’ वापरले जाते आणि भेद बुजतो. दुसऱ्या संज्ञेसाठी ‘अन्योन्यता’ हा शब्द राखून ठेवता येईल. अलंकारशास्त्रातील ‘अन्योन्य’ हे एकमेकांना शोभविणे, म्हणजे घडविणे, सांगते. तेव्हा तो शब्द येथे शोभेचा ठरणार नाही.

७. आक्षेप आणि सूचना

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला हा की, शास्त्राला एकरूप संज्ञा हवी. क्रियापदे आणि प्रत्यय यांवर परिभाषा उभी राहू शकत नाही. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. म्हणून रूढ संज्ञा मोडीत काढण्याचे कारण नाही. भौतिकशास्त्रात ‘परस्परक्रिया’ राहावी. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांत ‘आंतरक्रिया’ राहावी. पण संज्ञा ही प्रकरणाच्या अखेरीस यावी, आरंभी नव्हे. आधी ‘शी’ आणि ‘ला’ यांतील भेद, वारंगुळा आणि बलुते यांतील भेद विद्यार्थ्यापुढे यावा. मग या साऱ्याला शास्त्रात ‘आंतरक्रिया’ म्हणतात असे सांगावे. आज क्रम उलटा आहे. संज्ञा आधी येते आणि तिच्या पाठोपाठ येणारी उदाहरणे परदेशी पुस्तकांतून उचललेली असतात.

दुसरा आक्षेप असा की, ‘इंटरॅक्शन’ हाच शब्द देवनागरीत लिहून का वापरू नये? ‘रेल्वे’ आणि ‘पोलीस’ यांना जो न्याय, तो त्यालाही लावावा. शब्द परका असल्यामुळे त्याला विरोध करण्याचे प्रयोजन नाही. विरोध आहे तो त्याच्या प्रचलित मराठी उपयोगाला. ‘इंटरॅक्शन घेणे’, ‘इंटरॅक्शन ठेवणे’ असे प्रयोग ऐकू येतात. ‘घेणे’ आणि ‘ठेवणे’ या क्रियापदांना एकच कर्ता असतो. तास घेतात, सभा ठेवतात. रेल्वे हा शब्द घेतला तेव्हा रेल्वेही आली होती. येथे शब्द आला, वस्तू आली नाही.

सर्वसाधारण गद्यात तर नाम टाळणेच इष्ट. ‘शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील आंतरक्रियेचे प्रमाण अल्प आहे’ या वाक्याऐवजी ‘शिक्षक विद्यार्थ्यांशी बोलत नाहीत’ असे लिहिले, तर वाक्य आखूड होते आणि कर्ता उघडा पडतो. नामे कर्त्याला झाकतात. अहवाललेखनाला ती प्रिय असण्याचे हे एक कारण असावे.

परिभाषा समित्यांनी यापुढे एखाद्या संकल्पनेला शब्द देण्यापूर्वी ती संकल्पना बोलीत कोणत्या रूपाने नांदते याची पाहणी करावी, एवढीच अपेक्षा आहे. ती रूपे नेहमी नामेच असतील असे नाही. एखादा प्रत्यय, एखादे सहायक क्रियापद, शेतातील एखादा मोडत चाललेला रिवाज हेही त्या संकल्पनेचे घर असू शकते. मराठी विभागांतील प्रकल्पांसाठी हे काम हाताजवळचे आहे आणि झरी, बोरी, जिंतूर या पट्ट्यात वारंगुळा प्रत्यक्ष केलेली माणसे जोवर बोलावयास आहेत, तोवरच ते होऊ शकते. मात्र त्यासाठी अभ्यासकाला गावात जाऊन त्यांच्याशी बोलावे लागेल. त्यांना बोलून भागणार नाही.